मेस्त्री आणि पगार

रायपूरहून दुर्गकडे जाणारी गाडी खारून नदीचा पूल ओलांडते आणि थोड्याच वेळात कुम्हारीचे स्थानक येते. एका हाताला रायपूर, दुसऱ्या हाताला भिलाईचा पोलाद कारखाना आणि या दोहोंच्या दरम्यान रुळांना व रस्त्याला धरून वाढलेले हे गाव. या मुलखात नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. १८६८ साली विश्रामपूर येथे व १८९९ साली धमतरी येथे ख्रिस्ती मिशनांची ठाणी बसली. पुढे १९५५ नंतर भिलाईचा कारखाना उभा राहू लागला, तेव्हा देशाच्या चारी दिशांनी माणसे येथे आली आणि येताना आपापली श्रद्धा व आपापली गाणी बरोबर घेऊन आली.

अशा गावी रविवारी सकाळी उपासनेला माणसे जमतात, तेव्हा गाण्याला सूर कोण देतो? बहुधा तो एखादा शाळामास्तर असतो, कारखान्यातला कामगार असतो किंवा रुग्णालयातली परिचारिका असते. घरची कामे आटोपून ती व्यक्ती येते, पेटीपाशी बसते, गाणे संपले की पेटी झाकून घरी जाते. ही विद्या तिने कोठे मिळवली, किती वर्षे घालवून मिळवली, तिच्यामागे ती दुसऱ्या कोणाला शिकवून ठेवणार आहे काय, असे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. सूर मिळाला एवढ्यावर सर्वांचे समाधान असते. आजच्या भाषणात हेच प्रश्न मी विचारणार आहे. चर्चमध्ये ऑर्गन वाजविणे हा एक जुना व्यवसाय आहे. तो शिकावा कसा लागतो आणि त्यावर पोट कसे भरते, किंवा भरत नाही, याचा आपण विचार करू.

प्रारंभी दोन शब्द ध्यानात ठेवावेत अशी विनंती आहे. आपल्या मराठीत गवंड्याला, सुताराला किंवा यंत्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराला आपण 'मेस्त्री' म्हणतो. नोकराला महिन्याअखेर जे वेतन देतो त्याला 'पगार' म्हणतो. हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले. पोर्तुगीज भाषेत 'मेस्त्र' म्हणजे गुरू, उस्ताद, आपल्या कामात पारंगत असलेला माणूस. आणि 'पागार' म्हणजे मोबदला देणे. गोव्यात चर्चमधल्या संगीतशिक्षकालाही हाच 'मेस्त्र' शब्द लावीत. म्हणजे भिंत बांधणारा आपला मेस्त्री आणि सूर बांधणारा गोव्याचा मेस्त्र हे नावाने सख्खे भाऊ आहेत. आणि मेस्त्र व पगार या दोन गोष्टी एकत्र राहिल्या की काय होते, व त्यांची ताटातूट झाली की काय होते, यातच या विषयाचे सारे मर्म आहे.

आता हे वाद्य कसे असते ते पाहू. आपल्या परिचयाची पेटी पितळी पत्त्यांवर वाजते. खरा मोठा ऑर्गन मात्र नळ्यांचा असतो. तो म्हणजे एका अर्थाने शेकडो, कधी हजारो बासऱ्यांचा समुदायच होय. भात्यातून किंवा विजेच्या पंख्यातून येणारी हवा एका लाकडी कोठारात भरून ठेवलेली असते. वादकाने पट्टी दाबली की त्या नळीखालची झडप उघडते आणि हवा नळीत शिरून ती बोलू लागते. कोठारातल्या नळ्यांच्या ओळी निरनिराळ्या जातींच्या असतात. काही बासरीसारख्या मऊ, काही तुतारीसारख्या प्रखर. कोणती ओळ बोलावी आणि कोणती मुकी राहावी हे वादक बाजूच्या खुंट्या ओढून ठरवितो. पट्ट्यांच्या दोन, तीन किंवा अधिक रांगा एकीवर एक असतात. आणि पायांसाठी लाकडी पट्ट्यांची आणखी एक रांग खाली असते. खर्जातला सूर काढणारी उघडी नळी आठ फूट उंच असते. त्याच्याही खालच्या सप्तकासाठी सोळा फुटांची नळी लागते. अशी नळी बोलते तेव्हा सूर कानांना ऐकू येण्याच्या आधी बाकाच्या लाकडातून अंगाला जाणवतो.

या वाद्याचा एक स्वभाव असा आहे की, त्यामुळे त्याचे शिक्षण इतर वाद्यांहून निराळे होते. सतारीची तार छेडली की सूर उमटतो आणि हळूहळू विरतो. पियानोचेही तसेच. ऑर्गनचा सूर मात्र पट्टी दाबलेली असेपर्यंत तसाच्या तसा उभा राहतो. आणि बोट उचलताक्षणी तुटतो. बोटाचा जोर कमीअधिक केल्याने तो लहानमोठा होत नाही. तेव्हा सुरात जीव आणावयाचा तो केवळ एका गोष्टीने, ती म्हणजे सूर केव्हा धरावा आणि केव्हा सोडावा याचे भान. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये फट पडू नये म्हणून विद्यार्थी पट्टी दाबलेलीच ठेवून तीवर एका बोटाच्या जागी दुसरे बोट सरकविण्याचा सराव महिनोन् महिने करतो. पायांचे शिक्षण त्याहून कठीण. पायांकडे न पाहता, टाच आणि चवडा आळीपाळीने वापरून, अंधारात जिना उतरावा तशा त्या पट्ट्या ओळखाव्या लागतात. आणि हे सर्व चालू असताना डोळे तीन ओळींची स्वरलिपी एकाच वेळी वाचीत असतात: एक उजव्या हाताची, एक डाव्याची, एक पायांची.

परंतु एवढे आले म्हणजे मनुष्य ऑर्गनवादक झाला; चर्चचा ऑर्गनवादक झाला असे नव्हे. त्याचे खरे काम पुढेच आहे. त्याला शेकडो अशिक्षित गळ्यांना एकत्र चालवावयाचे असते. त्या समुदायाला श्वास घेण्यास किती वेळ लागतो हे त्याने ओळखले पाहिजे. कडव्याच्या शेवटी तो क्षणभर अधिक थांबला तर लोक अडखळतात, कमी थांबला तर धापा टाकतात. मोठ्या इमारतीत नळ्या एका टोकाला, गाणारे दुसऱ्या टोकाला असले की लोकांचा आवाज त्याच्या कानी उशिरा पोहोचतो. त्या आवाजाच्या नादी लागून तो थांबला की गाणे मंदावत मंदावत बसते. म्हणून ऐकूनही न ऐकल्यासारखे करून पुढे चालत राहण्याची कला त्याला साधावी लागते. कीर्तनात बुवांच्या मागे उभा राहणारा पेटीवाला ज्या जातीची सावधगिरी बाळगतो, तीच ही.

पुन्हा मिरवणूक वेदीपाशी पोहोचण्यास किती वेळ लागेल हे कोणी सांगू शकत नाही. धर्मगुरू दोन पावले हळू चालले की लिहिलेले संगीत संपून जाते, आणि वादकाला तेथल्या तेथे नवे रचावे लागते. एखादे दिवशी लोकांचे गळे बसलेले असतात, तेव्हा तीच चाल दोन सूर खाली घेऊन वाजवावी लागते. भजनमंडळी शिकवावी लागते. पावसाळ्यात लाकूड फुगून एखादी झडप अडकली आणि एक सूर थांबेचना, तर वाद्याच्या पोटात शिरून ती सोडवावीही लागते. आपल्याकडच्या दमट किनाऱ्यावर तर हे नित्याचेच. मुंबईचे सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ मध्ये उपासनेसाठी उघडले. त्या शहरातल्या अशा जुन्या चर्चमधून नळ्यांचे ऑर्गन बसविले गेले, आणि तेथे नळ्यांना सुरात ठेवणे हे वाजविण्याइतकेच मोठे काम होऊन बसले.

एवढी बहुविध विद्या एका माणसाने संपादन करावयाची, तर तिची काही व्यवस्था असावयास हवी. युरोपात ती प्रथम उमेदवारीची होती. मुलगा लहानपणी चर्चच्या गायकवृंदात गाऊ लागे, मग वादकाच्या शेजारी उभा राहून पाने उलटी, खुंट्या ओढी. पुढे एखाद्या साध्या दिवशी त्याला बाकावर बसविले जाई. इंग्लंडमध्ये १८६४ साली ऑर्गनवादकांचे एक महाविद्यालय स्थापन झाले. पुढे त्याला 'रॉयल' ही पदवी लागली. या संस्थेचे विशेष हे की तिचे मुख्य काम परीक्षा घेण्याचे. उमेदवाराने तयार केलेली रचना कितीही सुंदर वाजविली तरी तेवढ्याने भागत नाही. न पाहिलेले पान वाजवा, दिलेली चाल निराळ्या पट्टीत न्या, उघड्या चालीला खालचे सूर जोडा, दिलेल्या चार सुरांवरून जागच्या जागी संगीत उभारा, अशा कसोट्या त्याला लागतात. अमेरिकेत १८९६ साली तेथील वादकांचा संघ निघाला, त्यानेही हाच मार्ग धरला. जर्मनीत तर चर्चसंगीताच्या परीक्षांचे 'अ', 'ब' आणि 'क' असे तीन वर्ग आहेत. पैकी 'क' वर्ग अर्धवेळ काम करणाऱ्यासाठी, आणि 'ब' व 'अ' हे पूर्ण वेळ ज्यांना ही वृत्ती पत्करावयाची त्यांच्यासाठी. आपला व्यवसाय अर्धवेळाचा की पूर्ण वेळाचा, हे त्या समाजाने परीक्षेच्या पायरीतच स्पष्ट लिहून ठेवले आहे.

आता पगाराकडे वळू. या वाद्याच्या इतिहासातील सर्वांत मोठे नाव योहान सेबास्टियन बाख यांचे. १७०३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, ते आर्नश्टाट या गावी ऑर्गनवादक म्हणून नोकरीस लागले. दोन वर्षांनी चार आठवड्यांची रजा काढून ते ल्यूबेक येथे बुक्स्टेहूड या वृद्ध वादकाचे वादन ऐकावयास गेले. अंतर सुमारे चारशे किलोमीटरांचे, आणि सांगतात की ते पायी गेले. चार आठवड्यांचे चार महिने झाले! परत आल्यावर मालकांनी जाब विचारला. उशिराबद्दल तर विचारलाच. परंतु तक्रार आणखीही होती. हे तरुण गृहस्थ स्तोत्राच्या चालीत असे काही चमत्कारिक सूर मिसळतात की गाणारी मंडळी गोंधळून जाते, असे त्यांचे म्हणणे होते. श्रोतेहो, या तक्रारीला हसू नये. बाख थोर होते हे खरे. आणि रविवारी गावाला गाता आले पाहिजे हेही खरे. या व्यवसायात कलावंताला दोन धनी असतात. एक त्याची कला, आणि दुसरा समोर बसलेला समुदाय.

पुढे १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत बाख लाइप्झिग येथे होते. तेथे ते मुलांची शाळा शिकवीत, शहरातील चर्चच्या संगीताची व्यवस्था पाहत आणि नवनवे संगीत लिहीत. तेथून १७३० साली त्यांनी एका मित्राला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आपल्या मिळकतीतला मोठा भाग लग्ने आणि अंत्ययात्रा यांच्या दक्षिणेतून येतो, आणि गेल्या वर्षी हवा निरोगी असल्यामुळे माणसे कमी मेली व आपले शंभराहून अधिक टॅलर बुडाले, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. ज्यांच्या संगीतापुढे जग नतमस्तक होते त्या माणसाला गावातल्या मरणांचा हिशेब ठेवावा लागत होता. निश्चित वेतन तोकडे आणि वरकड दक्षिणा अनिश्चित, हे या वृत्तीचे दुखणे तेव्हापासूनचे आहे.

या दुखण्यावर फ्रान्समध्ये दोन उपाय दिसतात. पहिला शिकवणीचा. सेझार फ्रांक यांनी १८५९ पासून १८९० मध्ये निधन होईपर्यंत पॅरिसच्या एकाच चर्चमध्ये वादन केले, आणि १८७२ पासून तेथील संगीत विद्यालयात ऑर्गन शिकविला. ऑलिव्हिए मेसियाँ तर १९३१ मध्ये जे एका चर्चच्या बाकावर बसले ते १९९२ मध्ये मृत्यूपर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ, तेथेच होते. तेही संगीत विद्यालयात अध्यापन करीत. दुसरा उपाय आपल्याला अधिक विचार करावयास लावणारा आहे. पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेने ऑर्गनवादन हे आपल्या विद्यार्थ्यांच्या उपजीविकेचे साधन मानले. ज्यांच्या नावाची ठिपक्यांची लिपी आज जगभर चालते ते लुई ब्रेल याच शाळेचे विद्यार्थी आणि पुढे शिक्षक. आणि ते स्वतः पॅरिसच्या चर्चमधून ऑर्गन वाजवीत. १८२९ साली त्यांनी आपली पद्धती प्रसिद्ध केली तेव्हा त्या पुस्तकाच्या नावातच शब्दांबरोबर संगीताचाही उल्लेख होता. या परंपरेतून आलेले, जन्मापासून जवळजवळ दृष्टिहीन असलेले लुई व्हिएर्न १९०० साली नोत्र दाम येथे प्रमुख वादक झाले आणि १९३७ साली त्याच वाद्यापाशी, वादन चालू असता, त्यांनी देह ठेवला. ज्याला जगाने परावलंबी ठरविले होते त्याच्या हाती समाजाने आपला सूर सोपविला आणि त्याचा मोबदला दिला.

आता आपण घराजवळ येऊ. गोवा १५१० साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. त्या सत्तेने तेथील देवळांचे आणि माणसांचे जे केले तो इतिहास कटू आहे आणि तो विसरण्याचे कारण नाही. परंतु त्याच काळात चर्चला जोडून ज्या शाळा निघाल्या, त्यांत संगीताला स्थान होते ही गोष्टही नोंदविली पाहिजे. गावच्या चर्चचा मेस्त्र हा या शाळेचा प्राण. तो मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकवी, सूर नावाने म्हणून घेई, मग कोणाच्या हाती व्हायोलिन देई, कोणाला गायकवृंदात घेई, आणि ज्याचा हात बसेल त्याला ऑर्गनपाशी नेई. रविवारची उपासना, उपवासकाळातील स्तोत्रे, गावच्या संताचा सण, वाटेवरच्या क्रुसापाशी किंवा घरोघर होणारी लदीन, लग्न आणि अंत्यविधी, सर्व ठिकाणी मेस्त्र हवाच. प्रसंगी एका हाताने व्हायोलिनचा गज आणि डोळ्यांनी गायकवृंद, असे दोन्ही तो सांभाळी.

त्याच्या निर्वाहाची व्यवस्था गावाने केलेली असे. गोव्यात गावकरी नावाची जुनी संस्था आहे. पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणत. गावची शेतजमीन सामाईक, तिचे उत्पन्न सामाईक, आणि त्यातून गावच्या सार्वजनिक कामांचा खर्च चाले. धर्मकार्याचा, आणि त्यात चर्चच्या संगीताचाही, वाटा या उत्पन्नातून आणि चर्चच्या बंधुसंघांकडून मिळे. आपल्याकडे देवस्थानच्या गुरवाला, सनई-चौघडा वाजविणाऱ्याला इनाम जमीन असे, तिच्याशी याचे नाते सहज ध्यानात येईल. हा पगार मोठा नव्हता. मेस्त्र काही श्रीमंत झाला नाही. परंतु पगार होता, म्हणून मेस्त्र गावात राहिला. आणि मेस्त्र राहिला, म्हणून शेतकऱ्याच्या, सुताराच्या आणि पाववाल्याच्या मुलांना स्वरलिपी वाचता येऊ लागली.

याचा परिणाम चर्चच्या भिंतींबाहेर किती दूर गेला ते पाहण्यासारखे आहे. गोव्याची जमीन थोडी, माणसे अधिक. तरुण मुले मुंबईस येत, धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या 'कुडीं'त उतरत, आणि हाती असलेल्या विद्येवर काम शोधीत. पलटणींचे आणि संस्थानिकांचे बँड, आगबोटी, मोठी उपाहारगृहे, मूकपटांच्या पडद्याखालचे वाद्यवृंद, आणि बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाची स्टुडिओ, सर्वत्र वाचून वाजविणारा माणूस हवा होता. तो गोव्याच्या चर्चशाळेने तयार करून ठेवला होता. आपल्या संगीत दिग्दर्शकाने चाल गुणगुणावी, आणि गोमंतकीय वादकाने ती कागदावर उतरवून पन्नास वाद्यांत वाटून द्यावी, अशा रीतीने हिंदी चित्रपटाचे कितीतरी संगीत आकारास आले.

एकच उदाहरण घेऊ. सासष्टीतील माजोर्डा या गावच्या चर्चमध्ये एक मेस्त्र होते. त्यांच्या पोटी १९२७ साली एक मुलगा जन्मला. त्याने वडिलांकडेच पाठ घेतले, पुढे मुंबईस येऊन चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंदरचनाकार म्हणून नाव मिळविले. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्याने भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारे आपले संगीत सादर केले. १९६५ च्या सुमारास तो अमेरिकेस गेला, नंतर परतून आपल्या गावी राहिला आणि २०१२ मध्ये वारला. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांत प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन ही नावे आहेत. शिष्याने गुरूचे ऋण कसे फेडले ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, मात्र ते ऋण आहे हे कदाचित ठाऊक नसेल. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटात नायक स्वतःचे जे नाव गाण्यातून पुकारतो ते अँथनी गोन्साल्विस हे नाव याच गुरूचे. एका खेड्यातल्या चर्चच्या मेस्त्राचा पाठ असा देशाच्या कानाकोपऱ्यांत जाऊन पोहोचला.

महाराष्ट्रात गोष्ट निराळ्या वाटेने गेली. नळ्यांचा ऑर्गन मुंबई-पुण्याच्या मोठ्या चर्चमध्येच परवडणार. खेडोपाडी आला तो त्याचा धाकटा भाऊ, पितळी पत्त्यांचा, पायाने भाता मारावयाचा ऑर्गन. आणि त्याहून धाकटी, हाताने भाता मारावयाची पेटी. पॅरिसच्या दबें या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे हक्क नोंदविले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती मांडी घालून वाजविता येईल अशी केली. मग हे वाद्य चर्चपुरते राहिलेच नाही. मराठी रंगभूमीने ते उचलले. गोविंदराव टेंबे यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला. आणि बालगंधर्वांच्या नाटकांत तर ऑर्गनचा भरदार सूर हा गायनाचा आधारच झाला. आपल्या आजोबांना 'ऑर्गन' म्हटल्यावर चर्च आठवत नसे, नाट्यगृहातली तिसरी घंटा आठवे!

या ठिकाणी आकाशवाणीची एक जुनी कथा सांगणे प्राप्त आहे. पेटीचे सूर बांधलेले, त्यावर मींड येत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून १९४० साली नभोवाणीने तिला आपल्या दारातून परत पाठविले. आणि पुढे १९७१ मध्ये काही अटींवर आत घेतले. आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. परंतु ज्या माणसांना समुदायाला गावयास लावावयाचे होते, त्यांनी पेटी सोडली नाही. भजनी मंडळानेही नाही आणि चर्चनेही नाही.

मराठी चर्चमध्ये तर एक मोठे स्थित्यंतर घडले. परदेशी मिशनऱ्यांनी आपल्या देशच्या चाली आणल्या होत्या, त्यांना मराठी शब्द बसविले जात. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग दिला, कीर्तन दिले, मराठीची स्वतःची लय दिली. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात दोन्ही घराणी शेजारी शेजारी नांदतात. रोमन कॅथलिक चर्चमध्ये हा बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आला. १९६३ सालच्या तिच्या ठरावाने नळ्यांच्या ऑर्गनचा मान राखला, पण त्याचबरोबर लोकभाषेला आणि लोकांच्या वाद्यांनाही दार उघडले. वसईच्या चर्चमधून मराठी उपासना पेटी-तबल्यावर घुमू लागली. तेव्हा मराठी चर्चच्या वादकाला आज दोन विद्या लागतात. एका गीताला चार सुरांचा मेळ धरावयाचा, तर पुढच्या गीताला एकच धागा पकडून गाणाऱ्याच्या मागे सावलीसारखे जावयाचे. ही दुहेरी विद्या शिकविणारी परीक्षा लंडनला नाही आणि लाइप्झिगलाही नाही. ती येथेच शिकवावी लागेल.

आणि येथेच आपला मूळ प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. गोव्यात १९६१ नंतर सरकारी प्राथमिक शाळा गावोगाव झाल्या, हे इष्टच झाले. कुळांना जमिनीचे हक्क मिळाले, हेही न्याय्यच झाले. परंतु त्या ओघात चर्चची शाळा मागे पडली, गावकरीचे जुने उत्पन्न आटले, आणि मेस्त्राच्या पगाराची जुनी सोय उरली नाही. संगीतशिक्षण थांबले असे नव्हे. पणजी येथे १९५२ साली आंतोनियु द फिगरेदु यांनी संगीत अकादमी काढली होती. १९७० मध्ये स्थापन झालेल्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. लंडनच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या परीक्षांना आपल्याकडची कितीतरी मुले बसतात. पण यात एक फरक पडला. पूर्वी विद्या मुलाच्या दारी येत असे आणि तिचा खर्च गाव सोशी. आता मुलाने विद्येच्या दारी जावयाचे आणि खर्च आईबापांनी सोसावयाचा. ज्यांना परवडते त्यांची मुले शिकतात, आणि शिकून पियानोच्या मैफलीकडे वळतात. रविवारी पहाटे उठून गावच्या बाकावर बसावे असे त्यांना कशासाठी वाटावे?

दुःख केवळ आपलेच नाही. पश्चिमेकडेही लहान चर्चला वादक मिळत नाही अशी ओरड आहे. बहुतेक वादक अर्धवेळ काम करतात आणि शाळेत किंवा कचेरीत पोट भरतात. यंत्रातून तयार सूर वाजवून वेळ निभावून नेणारी ठिकाणेही आहेत. मात्र यंत्राला एक गोष्ट येत नाही. तिसऱ्या बाकावरच्या म्हातारीला कडव्याच्या शेवटी श्वास पुरला नाही, हे त्याला कळत नाही. ते थांबत नाही.

म्हणून एवढेच सांगतो. वादकाची भक्ती ही त्याची स्वतःची. तिला मोल नाही. परंतु त्याची विद्या ही सर्वांच्या उपयोगाची वस्तू आहे, आणि तिला मोल आहे. जेथे समाजाने, चर्च असो, देऊळ असो, भजनी मंडळ असो, मेस्त्राचा पगार ठरविला, तेथे एक वादक मिळाला एवढेच झाले नाही. त्याच्या हाताखाली दुसरी पिढी उभी राहिली, आणि तिचे संगीत भिंती ओलांडून ज्यांनी कधी त्या चर्चचे दारही पाहिले नाही त्यांच्यापर्यंत गेले. जेथे 'हौसेने वाजवतो, त्याला काय द्यावयाचे' असे समाजाने म्हटले, तेथे तो हौशी माणूस असेपर्यंत सूर राहिला. आणि त्याच्याबरोबर गेला.

कुम्हारीसारख्या गावी पुढच्या रविवारी पेटीवरचा रुमाल बाजूला सारून कोणी तरी बसेल. तो मास्तर असेल किंवा कारखान्यातला पाळीवाला असेल. श्रोत्यांपैकी कोणी तेथे असाल, किंवा आपल्या गावच्या भजनात, कीर्तनात बसत असाल, तर गाणे संपल्यावर त्याला एक प्रश्न विचारा: "आपण हे कोणाकडून शिकलात, आणि कोणाला शिकवीत आहात?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर तो आनंदाने देईल. दुसऱ्याचे उत्तर देताना तो जर गप्प झाला, तर ते उत्तर त्याने नव्हे, आपण सर्वांनी द्यावयाचे आहे.